बॅरिस्टरचे पाय

अमरावती
२१ एप्रिल २०२५

सुभद्रा,

काल, रविवार दि. २० एप्रिल रोजी, सकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी तू माझ्या कासवाला अकोल्याच्या उन्हात ठेवलंस. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. तुझ्या प्रणालीने हौसेने फोटो टाकला, त्याच्याखालीच ती आहे. फोटोत तुमची गच्ची आहे, मातीने भरलेलं घमेलं आहे, आणि त्या मातीत बॅरिस्टर. मान बाहेर, डोळे मिटलेले, मागचे दोन्ही पाय बाजूला पडलेले. त्यावर माझ्या पुतणीने लिहिलंय, ‘बॅरिस्टर सुट्टीवर’. शेजारी हसणारी तीन तोंडं.

एप्रिल महिना आणि अकोला! जिथे माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय दूध आणायला बाहेर पडत नाहीत, तिथे तू एका मुक्या जनावराला मातीत भाजायला ठेवलंस.

तुझे चार फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत, पुढेही उचलणार नाही. एकतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते. बोललेलं माणूस तासाभरात फिरवतं, लिहिलेलं फिरवायला त्याला वकील लागतो. तेव्हा जे काय असेल ते लिहून पाठव.

पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात जाण्याआधी, २९ मार्चला, मी त्याला तुझ्या हवाली केलं. सोबत दोन पानी सूचना दिल्या. खोलीचे पडदे लावलेले असावेत. दहा ते सहा कूलर चालू असावा. संध्याकाळी दूध-पोळी द्यावी, पोळी नीट कुस्करावी. आणि चौथी सूचना, जी मी लाल शाईने लिहिली होती: कोणत्याही कारणाने उन्हात ठेवू नये. पाच शब्द आहेत, सुभद्रा. यात न समजण्यासारखा शब्द कोणता होता?

घमेल्यात पालाही दिसतो. तो शेळी नाही.

बावीस वर्षांपूर्वी खुशालरावांनी त्याला घरी आणलं आणि नाव ठेवलं बॅरिस्टर, कारण कोणी कितीही घाई केली तरी तो हलत नाही. हे, म्हणजे तुझे भासरे, गेल्यापासून माझ्या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं तेवढंच एक आहे. ते मी दुसऱ्या कोणाकडे ठेवलं नाही, तुझ्याकडे ठेवलं. का ठेवलं, याचा मी पडल्या पडल्या विचार करते आहे. दुसरा उद्योगही नाही.

त्याचे मागचे पाय असे का पडलेत, याचा खुलासा शुक्रवार, २५ तारखेपर्यंत लेखी मिळावा.

रागिणी

*

अकोला
२४ एप्रिल

जाऊबाईले सुभद्राचा नमस्कार.

तुमचं पत्र काल भेटलं. आधी प्रणालीनं वाचून दाखोलं, मंग मी एकटीनं वाचलं. पोरीले मी रागावली. ते म्हणे, मोठ्या आईले आनंद होईन म्हणून टाकला वो फोटो.

बाई, ऊन सकाळचं कोवळं होतं. सात ते आठ, तेवढंच. आन् अर्ध्या घमेल्यावर मी टोपलं पालथं ठेवलं होतं, त्याले सावलीत जाता यावं म्हणून. ते टोपलं फोटोत नाई आलं. मी तिथंच बसून होती, कुरड्या वाळू घालत. कावळाबी येऊ देला नाई.

आता पायाचं सांगतो. तुमच्याकडून आला त्या दिवशी मी त्याले फरशीवर ठेवलं. तो चालला नाई. म्हटलं परक्या घरी लाजून राह्यला. दुसऱ्या दिवशीबी नाई. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यापासून हातभर जास्वंदीचं फूल ठेवलं. त्यानं मान काढली, पुढचे पाय टाकले, आन् पोट घासत राह्यला. मागचे पाय मागंच, जसे काई दुसऱ्याचे हायेत. फुलापर्यंत यायले त्याले माह्या दोन भाकरी होयेपर्यंत वेळ लागला. बाई, माह्यानं पाह्यलं गेलं नाई. मी फूल उचलून त्याच्या तोंडाशी नेलं.

मंग त्याले गुरायच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरीणबाई हायेत, भल्या हायेत. त्यायनं पाय दाबून पाह्यले, पाठ दाबून पाह्यली. म्हणल्या, वयानं होते असं. सकाळचं ऊन द्या, हरळी द्या, शेवग्याचा पाला द्या, रोज कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवा. गुळगुळीत फरशीवर ठेवू नका, पाय घसरतात. म्हणून मी पोतं अंथरलं. पोटाखालून फडकं घालून मी त्याले थोडं उचलून धरतो, मंग तो पाय हलवून पाह्यते. नातवाले चालणं शिकवा तसं.

दूध बंद केलं कारण उन्हाळ्यात नासते. कूलर बिघडला हाये, मिस्त्री येतो म्हणते आन् येत नाई.

तुमी काळजी करू नका. टाके जपा. वजन उचलू नका.

तुमची सुभद्रा

*

अमरावती
२७ एप्रिल २०२५

सुभद्रा,

तुझं पत्र मिळालं. मी आयुष्यभर साक्षीदार ऐकले आहेत. तुझ्याइतकं वाईट खोटं बोलणारा क्वचितच भेटला.

दूध उन्हाळ्यात नासतं. मग तुझ्या स्वयंपाकघरात मी वास्तुशांतीला दिलेला फ्रिज आहे, तो काय शोभेला? कूलर बिघडला. नत्थुजी कूलरशिवाय दुपारी अर्धा तास तरी घरात राहतील का? तो सुरू आहे. फक्त माझ्या बॅरिस्टरसाठी बंद आहे. आणि वयाने होतं म्हणे! अशी कासवं साठ-सत्तर वर्षं जगतात. हा तिशीचाही नाही. त्याच्या वयात तुझे नत्थुजी चांदूर बाजारला कुस्ती खेळत होते.

तेव्हा तू काहीतरी लपवते आहेस. तुझ्या उन्हाने त्याचे पाय गेले, हेच ना?

तो माझ्याकडे चालत नव्हता म्हणतेस. चालत नव्हता, कारण त्याला चालायची गरज नव्हती. बसायचा. बसणं ही त्याची रीत होती. यांच्या वेळी तो दिवसभर मागच्या अंगणात भटकायचा, चिखलाने माखायचा, आणि हे त्याला गवत, फुलं, वेलींची पानं, मिळेल तो कचरा खाऊ घालायचे. हे गेल्यावर मी त्याला घरात घेतलं. सहा वर्षांत एकदाही उन्हाची झळ लागू दिली नाही. संगमरवरी फरशी रोज दोनदा पुसली. माणसाने खावं असं अन्न दिलं, तेही वेळेवर. त्याची पाठ नीट बघितलीस का? पाठीवरच्या नक्षीतली एकेक चांदणी देवळाच्या शिखरासारखी वर आली आहे. यांच्या वेळी ती सपाट होती. ती माझ्या दूध-पोळीची करामत आहे. आणि तू त्याला पोत्यावर टाकून, पोटाला फडकं बांधून नाचवते आहेस.

मला माहीत आहे, तुला आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट आपल्या हाताने सुधारून पाहायची हौस होती. माझं लोणचं, माझे पडदे, माझी मराठी. कॉन्व्हेंटमधल्या मुलीला संसार येत नाही, हे तू लग्नानंतर पहिल्याच पोळ्याला म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं. आता तुला कासवही सापडलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद दिला असेलच. तो मूळ कागद मला पाठव. तुझ्या शब्दांत सारांश नको. ३० तारखेपर्यंत तो हातात आला नाही, तर टाके ओले असोत की वाळलेले, मी टॅक्सी करून येईन आणि त्याला घेऊन जाईन. कालपासून थोडा ताप आहे, पण रागाने आलेला असावा.

रागिणी

*

अकोला
५ मे

जाऊबाई,

तुमी देलेली तारीख गेली, मले माहीत हाये. रोज लिहायले बसत होती आन् उठत होती. आज प्रणालीच्या हातानं पाठवून राहिली, म्हणजे तुमच्याजवळ कोणी असन.

डॉक्टरचा कागद सोबत हाये. आधी खाली बसा, मंग वाचा.

मी खोटं बोलली. वयानं होते असं त्या नाई म्हणल्या. त्यायनं पाठ दाबली तं ती दबली बाई, पिकल्या पेरूवाणी. त्या म्हणल्या, याले बरीच वर्षं ऊन नाई भेटलं, म्हणून हाडं नरम पडली. ते पाठीवरचे उंचवटे रोगाचे हायेत, चुकीच्या खाण्यानं येतात. यानं दूध कधीच खाऊ नाई. मी म्हटलं, कोणाले सांगू नका. त्या म्हणल्या, कोणाले म्हणजे? मी म्हटलं, माहीच चूक हाये, माहंच कासव हाये.

तुमी चुकल्या असं मी म्हणत नाई. रोज संध्याकाळी भाऊजी दूध-पोळी कुस्करून खात, तेरा जणाच्या घरात त्यायचं एकट्याचं ताट वेगळं राहे, मी पाह्यलं नाई का? तुमी तेच ताट वाढत राह्यल्या. पण बाई, तो भाऊजी नोहोय. तो कासव हाये.

आता दुसरं. तेच सांगायची हिंमत होत नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणल्या होत्या, हे कासव घरी पाळता येत नाई, कायदा हाये, मले कळवावंच लागन. मी हातापाया पडली. त्या म्हणल्या, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे मावशी. ३० तारखेले, अक्षय तृतीयेच्या दिवशी, आमी अखजीची पितरायची घागर भरत होतो. भाऊजींच्या नावाची घागर मी आताच ठेवली होती, बॅरिस्टर बाजूले पोत्यावर होता. तं वनखात्याचे दोन माणसं आले. बोलायले चांगले होते. इचारलं, कोणाचं? मी म्हटलं, माहं. कुठून आणलं? म्हटलं, चांदूर बाजारच्या आमच्या वावरात सापडलं. कधी? म्हटलं, ध्यानात नाई. त्यायनं बयान लिहिलं, मी सही केली. हे तेव्हापासून माह्याशी बोलत नाईत. फक्त एवढं म्हणाले, ‘तुह्या सहीनं तू जेलात जाशीन, आन् वहिनीले वाटन कासव चोरलं.’

म्या तुमचं नाव येऊ देलं नाई. तुमी कोर्टात नोकरी केली. तुमचं नाव त्याच कोर्टात पुकारलं गेलं असतं तं तुमी जगल्या नसत्या.

शनिवारी, १० तारखेले, अकरा वाजता ते त्याले नेणार हायेत. दूर कुठं बचाव केंद्र हाये, तिथं. आजवर नेलं नाई ते डॉक्टरीणबाईनं दहा दिवस मागून घेतले म्हणून. त्या म्हणतात, हाडं अशी असताना प्रवासात काई होऊ शकते. जगन बी, नाई बी.

एक गोष्ट तुमाले सांगायचीच हाये. २८ तारखेच्या सकाळी त्यानं पोट उचललं. माह्या हाताशिवाय, फडक्याशिवाय. चारही पायावर उभा राह्यला, थरथरत, आन् जास्वंदीपर्यंत तीन पावलं गेला. मी यायले हाका मारल्या, तं हे आंघोळ सोडून आले. पण ते माणसं येऊन गेल्यापासून त्यानं पाय आत घेतले ते काढले नाईत. पाच दिवस झाले, तोंडाले पाला लावला नाई. मी त्याच्यासमोर शेवगा धरून बसतो. तो पाह्यतबी नाई.

तुमी या. नाई जमलं तं चार ओळी लिहून द्या, मी त्याच्याजवळ बसून वाचीन. मले माहीत हाये, त्याले वाचता येत नाई. तरी द्या.

सुभद्रा

*

अमरावती
७ मे २०२५

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी यांस,

महोदय,

अकोल्यातील श्रीमती सुभद्रा या माझ्या धाकट्या जाऊबाईंनी ३० एप्रिल रोजी आपल्या कर्मचाऱ्यांना जो जबाब दिला, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटा आहे. त्यांना खोटं बोलता येत नाही. आपल्या कर्मचाऱ्यांनी जरा अधिक प्रश्न विचारले असते, तर त्यांनाही ते कळलं असतं. ज्यांच्या वावरात उभ्या जन्मात विहिरीतल्या बेडकापलीकडे काही सापडलं नाही, त्यांच्या वावरात हे कासव सापडलेलं नाही.

ते माझं आहे. माझे पती, कै. ॲड. खुशालराव, यांनी २००३ साली ते घरी आणलं. असं तारा कासव घरी ठेवणं गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. अशा प्रकरणांचे निकाल मी स्वतःच्या हाताने टंकलिखित केले आहेत. पान संपवून घरी यायचे आणि त्याला पाणी द्यायचे. तेव्हा अज्ञानाची सबब मी देत नाही.

त्याचे पाय गेले ते सुभद्राबाईंमुळे नाही. तेही लिहून देते. गुरुवार, ६ जून २०१९ रोजी, पतींच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सव्वापाचला मी मागच्या अंगणाचं दार लावलं. त्या वेळी ते कोर्टातून परत यायचे आणि कासव पायरीपर्यंत त्यांच्यासमोर जायचं. त्या दिवशीही ते पायरीकडे निघालं होतं. मला ते बघवलं नाही, म्हणून मी त्याला उचलून आत आणलं. ते आतून दाराला पुढच्या पायांनी खरवडत राहिलं. तीन संध्याकाळ खरवडलं. चौथ्या संध्याकाळी थांबलं. मी समजले, रुळलं. त्यानंतर सहा वर्षं मी त्याला सूर्य दाखवला नाही. आमच्या वऱ्हाडात उन्हापासून वाचवणं म्हणजेच जपणं, असं आम्ही समजतो. माणसांपुरतं ते खरं असेल. कूलरच्या ओल्या गारव्यात, गुळगुळीत फरशीवर, मृत माणसाच्या ताटातलं अन्न देऊन मी एका धडधाकट जिवाला लुळं केलं, आणि त्याच्या सुजलेल्या पाठीचं पाहुण्यांना कौतुक सांगितलं. डॉक्टरांचा कागद माझ्यासमोर आहे. त्यात दोष देणारा एकही शब्द नाही. मी तो चार वेळा तपासला.

सबब, जबाबावरील सुभद्राबाईंचं नाव काढून तिथे माझं घालावं. माझ्या सहीचे दोन नमुने सोबत जोडले आहेत. पुढील कारवाई माझ्या पत्त्यावर करावी. मी जामिनासाठी वकील देणार नाही. ओळखीचे होते ते एकच होते.

आता मुख्य मुद्दा. ते परत मागण्याचा मला हक्क नाही आणि मी ते मागत नाही. परंतु शनिवारी त्याला न्याल तेव्हा खालील गोष्टी कराव्यात. प्रवासाला निघण्यापूर्वी त्याला सकाळचं एक तास ऊन मिळावं. उथळ खोक्यात खाली माती असावी, पुठ्ठा नको, पाय घसरतात. वातानुकूलित गाडी नसावी. पायांना धरून उचलू नये. दोन्ही हातांनी पोटाखालून उचलावं. आणि सुभद्राबाईंना सोबत बसू द्यावं. नियमात बसत नसेल तर नियम वाकवावा. त्यांनी एका फडक्याने आणि जास्वंदीच्या फुलाने चार आठवड्यांत त्याला तीन पावलं चालवलं. हे मला सहा वर्षांत जमलं नाही, आणि आपल्या केंद्रातल्या माणसांना आठवड्यात जमेल असं वाटत नाही. त्या शिकलेल्या कमी आहेत. मी त्यांना ते पुष्कळदा ऐकवलं आहे. त्यांना माझ्याकडून जे ऐकायला हवं, ते मी त्यांना वेगळ्या पत्राने लिहीत आहे. ते आपल्या कामाचं नाही.

मी स्वतः आले असते. टाक्यांत पू झाल्याने डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे. हे पत्र माझी पुतणी प्रणाली उद्या हातोहात देईल. तिला पोच द्यावी. ती रडेल, त्याकडे लक्ष देऊ नये.

खटला कधी उभा राहील, दंड किती, शिक्षा किती, यांपैकी काहीही मला कळवण्याची घाई नाही. ते कागद आपल्या गतीने येतात, मला सवय आहे. मला फक्त तीन प्रश्नांची उत्तरं हवी आहेत. त्याने पाय बाहेर काढले का? काही खाल्लं का? पोट जमिनीपासून उचललं का?

तोंडी निरोप, फोन किंवा फोटो चालणार नाही. आपल्या सही-शिक्क्यानिशी लेखी उत्तर शनिवार, १७ मे २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी वरील पत्त्यावर मिळावं. उत्तर ‘नाही’ असलं तरी मिळावं.

रागिणी खुशालराव देशमुख